घरच्या स्विमिंग टँकचा पीएच आणि अल्कलिनिटी: बोअरच्या पाण्यावर टँक चालवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"भाऊ, आसिड टाकं, तरी पीएच तठेच शे." होळी उरकली की जळगाव, फैजपूर, चोपडा, धुळे इकडून मला येणाऱ्या फोनांची सुरुवात बहुधा अशीच असते, म्हणजे ॲसिड टाकलं तरी पीएच तिथेच आहे. मळ्यातल्या बंगल्यापुढे टँक बांधून झालेला असतो. बांधणाऱ्याने जाताना प्लॅस्टिकच्या डबीतली टेस्ट किट आणि एक छापील कागद हातात दिलेला असतो. त्या कागदावर 'अल्कलिनिटी कमी झाल्यास सोडा टाका' असं ठळक लिहिलेलं असतं. आपली अडचण नेमकी उलटी आहे. आपल्या बोअरच्या पाण्यात अल्कलिनिटी मुळातच भरपूर असते आणि उन्हाळाभर ती चढत जाते. खालची उत्तरं हे धरून लिहिली आहेत. आणि हो, पूल म्हटलं की आमच्याकडे तापीवरचा पूल आठवतो, म्हणून इथे सगळीकडे टँकच म्हटलं आहे.

पीएच आणि अल्कलिनिटी म्हणजे एकच ना?

नाही, आणि निम्मा घोटाळा इथेच होतो. पीएच म्हणजे माती परीक्षणाच्या अहवालात आपण ज्याला सामू म्हणतो तोच. पाणी या घडीला आम्लाकडे झुकलंय की विम्लाकडे, एवढंच तो सांगतो. ७ म्हणजे मध्य, आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहापटीचा फरक. अल्कलिनिटी म्हणजे पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटचा साठा. हा साठा ॲसिड पचवून टाकतो आणि पीएचला जागेवरून हलू देत नाही.

दोन मळ्यांतले टँक घ्या. दोन्हींचा पीएच आज ८ आहे. पहिल्याची अल्कलिनिटी ८०, दुसऱ्याची ३५०. दोन्हींत दर १०,००० लिटरला २०० मिली ॲसिड टाकलं, तर पहिल्याचा पीएच ७.१ च्या आसपास कोसळेल. दुसऱ्याचा ७.६ वर थांबेल आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा आठाकडे चालू लागेल. ॲसिड तेच, डबाही तोच. म्हणून आधी अल्कलिनिटी मोजायची आणि मग पीएचला हात लावायचा.

आकडे किती असावेत?

पीएच ७.२ ते ७.८. मी ७.४ ते ७.६ धरून चालतो. अल्कलिनिटी लिटरला ८० ते १२० मिलिग्रॅम, म्हणजे किटवरचे पीपीएम. कॅल्शियमचा कठीणपणा २०० ते ४००. मोकळं क्लोरीन १ ते ३. उघड्यावरच्या टँकला स्टॅबिलायझर, म्हणजे उन्हात क्लोरीन टिकवणारं सायन्युरिक ॲसिड, ३० ते ५०.

पीएच ८ झाला तर काय बिघडतं? पाणी तर नितळ दिसतंय.

क्लोरीन बिघडतं. पाण्यात गेल्यावर क्लोरीनचे दोन भाग होतात. एक भाग जंतू मारतो, दुसरा जवळजवळ बसून राहतो. कामाचा भाग किती, हे पीएचवर ठरतं. पीएच ७ ला सुमारे तीन चतुर्थांश, ७.५ ला निम्मा आणि ८ ला जेमतेम चौथा हिस्सा. म्हणजे किटमध्ये क्लोरीन २ दिसतंय म्हणून तुम्ही निर्धास्त, आणि तिकडे पाणी हिरवं व्हायला लागलंय. लोक मग आणखी क्लोरीन ओततात. क्लोरीन पुरेसंच होतं, पीएचने त्याचे हात बांधले होते.

डोळ्यांचं म्हणाल तर आसवांचा पीएच साधारण ७.४ असतो. पाणी त्याच्या जवळपास असलं की डोळ्यांना त्रास कमी.

आम्ही विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो. तिथे कोण सामू मोजत होतं?

हा प्रश्न दरवर्षी एखादे आप्पा विचारतातच, आणि प्रश्न रास्त आहे. विहिरीवर मोटर चालायची, रोज पाणी उपसलं जायचं, झऱ्यांतून नवं यायचं. टँकमध्ये तेच पाणी महिनोन्महिने गोल फिरतं. शिवाय विहिरीत क्लोरीन नव्हतं, त्यामुळे पीएचवर अवलंबून असं काही नव्हतंच. विहिरीचं पाणी शुद्ध असायचं असं मात्र मी म्हणणार नाही. त्यातून कान फुटलेली आणि जुलाब झालेली पोरं मी पाहिली आहेत.

आमच्या बोअरचं पाणी पिण्यायोग्य असल्याचा अहवाल आहे. मग टँकला का चालत नाही?

पिण्याच्या पाण्याची मोजपट्टी वेगळी. भारतीय मानक १०५००, म्हणजे २०१२ ची आवृत्ती, अल्कलिनिटी २०० पर्यंत चांगली मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. पीएचला ६.५ ते ८.५ अशी सूट आहे. तेव्हा ४०० अल्कलिनिटीचं पाणी बिनधोक प्या, पण तेच टँकमध्ये भरलं तर पहिल्या दिवसापासून चौपट साठा घेऊन बसाल. आपल्याकडे पाणी बेसॉल्टच्या भेगांतून तरी येतं किंवा तापीकाठच्या गाळाच्या थरांतून. रावेर-यावल पट्ट्यात बोअर किती खोल गेलेत ते तुम्हाला सांगायला नको. खडका-मातीत मुरताना पाणी बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं.

घरात ओळखायची खूण सोपी आहे. त्या पाण्यात तुरीची डाळ सोड्याशिवाय शिजत नसेल आणि गिझरची कॉइल वर्षा-दीड वर्षात पांढरी होत असेल, तर किट न उघडताही अंदाज येतो.

जळगाव शहरात वाघूर धरणाचं पाणी येतं, भुसावळला तापीचं. धरणा-नदीचं पाणी बोअरपेक्षा सहसा हलकं. नळाचं पाणी टँकला परवडण्याइतकं येतं का, हा प्रश्न निराळा.

अहवालात अल्कलिनिटी असा रकानाच नाही. काय वाचायचं?

तुमच्याकडचा अहवाल बहुतेक ठिबकसाठी केलेल्या पाणी परीक्षणाचा असणार. त्यात कार्बोनेट आणि बायकार्बोनेट असे दोन रकाने असतात. आकडे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये असतील, तर दोघांची बेरीज करून ५० ने गुणा. बायकार्बोनेट ६.५ आणि कार्बोनेट ०.५ असेल, तर ७ गुणिले ५०, म्हणजे ३५०. बायकार्बोनेट लिटरला मिलिग्रॅममध्ये दिला असेल तर ०.८२ ने गुणा. अहवालच नसेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत एक बाटली देऊन या. किटच्या दहा पट्ट्या वाया घालवण्यापेक्षा तो एक कागद वर्षभर उपयोगी पडतो.

उन्हाळ्यात आम्ही काहीच टाकलं नाही, तरी अल्कलिनिटी वाढली. कशी?

पाणी उडतं, क्षार मागे राहतात. आणि जेवढं उडतं तेवढं तुम्ही बोअरने भरता.

हिशेब मांडून पाहा. ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल टँक म्हणजे २१.६ घनमीटर, म्हणजे २१,६०० लिटर. मे महिन्यात पारा ४५ कडे गेला आणि पश्चिमेचा वारा सुटला की रोज सेंटीमीटरभर पातळी उतरते. १८ चौरस मीटरवर एक सेंटीमीटर म्हणजे १८० लिटर. महिन्याला ५,४०० लिटर, टँकच्या बरोबर पाव. हे पाणी बोअरने भरलं आणि बोअरची अल्कलिनिटी ३५० असेल, तर महिन्याभरात टँकची अल्कलिनिटी ८७ ने वाढते. मार्चअखेर १०० वर ठेवलेला टँक मेअखेर पावणेतीनशेच्या घरात जातो. कठीणपणाही तसाच चढतो, आणि त्याला तर ॲसिडचाही इलाज नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, उडणं कमी करा. रात्री आणि वापर नसताना टँक झाका. तरंगतं आच्छादन उत्तम, नाहीतर नर्सरीला वापरतो ती शेडनेट वर ताणली तरी ऊन आणि वारा दोन्ही अडतात. दुसरा उपाय, दर आठवड्याला वाढलेली अल्कलिनिटी दर आठवड्याला उतरवा. वरच्या टँकला महिन्याची ८७ ची वाढ खायला सुमारे पावणेचार लिटर ॲसिड लागतं, म्हणजे आठवड्याला लिटरपेक्षा थोडं कमी. एवढं नियमाने टाकणारे सुखी असतात. मेअखेर एकदम चार-पाच लिटर ओतणाऱ्यांचे फोन मला जूनमध्ये येतात.

ॲसिड टाकलं की पीएच उतरतो, पण दोन दिवसांत परत ८. बोगस ॲसिड मिळालं का?

ॲसिड बहुतेक खरंच असतं. होतं असं: ॲसिडने बायकार्बोनेट फोडलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि पाण्यात विरघळून राहतो. तो आत असेपर्यंत पीएच खाली दिसतो. मग तो सोड्याच्या बाटलीतल्या गॅससारखा हळूहळू हवेत निघून जातो आणि पीएच वर येतो. अल्कलिनिटी जितकी जास्त, तितका हा गॅस जास्त आणि चढही जोरात.

पण यात एक फायद्याची गोष्ट दडलेली आहे. पीएच परत वर आला तरी उतरलेली अल्कलिनिटी वर येत नाही. हवेशी खेळून पीएच वाढतो, अल्कलिनिटी नाही. म्हणून जास्त अल्कलिनिटी उतरवायची रीत अशी: ॲसिडने पीएच ७.१-७.२ वर आणायचा. मग रिटर्नचे, म्हणजे फिल्टरमधून पाणी टँकमध्ये परत येतं तिथले, नोझल वर वळवून पृष्ठभाग खळाळता ठेवायचा, कारंजं किंवा धबधबा असेल तर चालू करायचा, पोरांना उड्या मारू द्यायच्या. पीएच ७.८ च्या पुढे गेला की पुन्हा ॲसिड. ३५० वरून १२० वर यायला अशा सात-आठ फेऱ्या होतात आणि दोन आठवडे सहज जातात. वरच्या टँकला एकूण दहा लिटर ॲसिड लागेल. ज्यांना हे ठाऊक नसतं ते तिसऱ्या फेरीला कंटाळतात आणि म्हणतात, पीएच तिथल्या तिथेच आहे. पीएच तिथेच असतो खरा, पण अल्कलिनिटी शंभराने खाली आलेली असते. ती कोणी मोजलेलीच नसते.

ॲसिड नेमकं किती आणि कसं टाकायचं?

३० ते ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड धरा. १०,००० लिटर पाण्याची अल्कलिनिटी १० ने उतरवायला साधारण २०० मिली लागतं. अल्कलिनिटी २५० च्या वर असेल तर एका वेळी दर १०,००० लिटरला २०० मिलीपर्यंत टाका, सहा तास पंप चालवा, मोजा, मग पुढचं. अल्कलिनिटी शंभराच्या आसपास असेल तर एका वेळी १०० मिली पुरे. तिथे पीएच झपकन पडतो.

टँकचं माप फुटात असेल तर लांबी, रुंदी आणि सरासरी खोली गुणून येणाऱ्या आकड्याला २८.३ ने गुणा, लिटर मिळतील. सरासरी खोली म्हणजे उथळ आणि खोल टोकाची बेरीज भागिले दोन. लोक खोल टोकाचंच माप धरतात आणि दीडपट ॲसिड टाकून मोकळे होतात.

बादली प्लॅस्टिकची. आधी पाणी, मग त्यात ॲसिड. उलटं कधीच नाही, उकळी फुटून तोंडावर उडतं. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा, मग भले कोणी हसो. वारा पाठीशी घ्या. पंप चालू ठेवून खोल टोकाला, रिटर्नच्या तोंडाजवळ, कडेने चालत बारीक धार सोडा. वेळ संध्याकाळची, पोहणं झाल्यावर. त्यानंतर सकाळी मोजल्याशिवाय कोणी पाण्यात उतरायचं नाही.

काठाला शहाबादी किंवा कोटा फरशी असेल तर जपा. दोन्ही चुनखडीचे दगड, ॲसिडचा थेंब पडला की फसफसतात. माझ्या हातून एकदा कॅन कलंडला होता. फरशीवरचा तो पांढरट ओघळ मालकीणबाई अजून प्रत्येक पाहुण्याला दाखवतात.

आणि ॲसिडचा कॅन क्लोरीनच्या शेजारी ठेवू नका. दोन्ही एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. पंपाच्या खोलीतही ॲसिड नको, नुसत्या वाफेने मोटरचे नटबोल्ट गंजतात.

ठिबक धुवायला आणलेलं ॲसिड घरात आहे. तेच टाकू का?

ते कुठलं आहे त्यावर. ठिबकच्या नळ्यांत बसणारा पांढरा क्षार आणि टँकच्या टाइल्सवर बसणारा क्षार एकाच जातीचा, दोन्हीकडे काम ॲसिडच करतं. कॅनवर हायड्रोक्लोरिक लिहिलेलं असेल आणि ते स्वच्छ पाण्यासारखं दिसत असेल तर चालेल. फॉस्फोरिक असेल तर टँकजवळ आणू नका, कारण फॉस्फेट म्हणजे शेवाळाचं खत. केळीला जे मानवतं ते शेवाळालाही मानवतं. सल्फ्युरिक पाण्यात पडताना फार तापतं आणि त्यातलं सल्फेट सिमेंट खातं. किराणा दुकानात मिळणारं पिवळं बाथरूम ॲसिडही नको, त्यातलं लोह आणि रंग टँकमध्ये डाग पाडतात.

लिंबूसत्त्व टाकलं तर?

नको. ते क्लोरीन खातं.

ॲसिड एकाच जागी ओतलं की फक्त अल्कलिनिटी उतरते आणि पसरून टाकलं की फक्त पीएच, हे खरं का?

खोटं, पण फार चिवट. टँक साफ करणारे जुने लोक ठामपणे सांगतात. पाणी पंपाने फिरलं की सगळं एक होतं आणि हिशेब तोच येतो. एकाच जागी ओतल्याने तळाचं सिमेंट आणि टाइल्सच्या फटी मात्र त्या जागी खाल्ल्या जातात.

मग खाण्याचा सोडा आपल्याला लागतच नाही?

लागतो, पण वेळ वेगळी. पावसाळा जोरात झाला, टँक दोन-तीनदा भरून वाहिला आणि वर क्लोरीनच्या गोळ्या चालू आहेत, अशा वेळी भादव्यात अल्कलिनिटी ७० च्या खाली गेलेली मी पाहिली आहे. तेव्हा पीएच माकडासारखा उड्या मारतो. सकाळी ६.९, दुपारी थोडं काही टाकलं की ७.९. पाणी आम्लाकडे गेलं की टाइल्सच्या फटींतला माल विरघळतो आणि शिडीचं स्टील काळवंडतं.

१०,००० लिटरची अल्कलिनिटी १० ने वाढवायला १७० ग्रॅम सोडा. आपल्या २१,६०० लिटरच्या टँकला २० ने वाढवायची असेल तर साधारण पाऊण किलो. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, किराण्यातला चालतो, पोत्याने घेतला तर स्वस्त पडतो. बादलीत विरघळवून पसरून टाका. त्याने अल्कलिनिटी वाढते, पीएच थोडासाच वर जातो.

धुण्याचा सोडा?

तो पीएच झटक्यात वर नेतो. अल्कलिनिटी बरी आहे आणि पीएच ७ च्या खाली आहे, अशा वेळेलाच, आणि थोडा. कठीण पाण्यात जास्त टाकला तर टँक ताकासारखा पांढरा होतो. तो कॅल्शियम कार्बोनेट असतो.

पाणी गढूळ झालं की आम्ही तुरटी फिरवतो. त्याने काही बिघडतं?

तुरटीने गाळ खाली बसतो हे खरं, पण ती अल्कलिनिटी खाते. १० मिलिग्रॅम तुरटी तीन-एक मिलिग्रॅम अल्कलिनिटी घेऊन जाते. टँकसाठी पोत्यात मिळणारा ॲल्युमिनियम सल्फेट जवळपास पाच. आपल्याकडे अल्कलिनिटी जास्तच असल्याने हे वाईट नाही, उलट उन्हाळ्यात थोडी मदतच. पण पीएच ८ च्या वर असताना तुरटी नीट फुलत नाही, काही भाग विरघळूनच राहतो आणि नंतर पीएच उतरवला की पाणी पुन्हा दुधाळ. म्हणून आधी पीएच ७.२ च्या आसपास आणा, मग तुरटी. रात्रभर पंप बंद ठेवा आणि सकाळी तळाचा गाळ फिल्टरमधून न फिरवता थेट बाहेर काढा.

मोरचूदने शेवाळ जातं म्हणतात.

जातं. बोर्डो मिश्रण करणाऱ्याला मोरचुदाची ताकद सांगावी लागत नाही. पण जास्त पीएच आणि जास्त अल्कलिनिटीच्या पाण्यात मोरचुदातलं तांबं टिकत नाही, निळे-काळे डाग होऊन भिंतीला चिकटतं. आणि सोनेरी किंवा पिकलेल्या केसांना हिरवट झाक येते ती याच तांब्याने. लोक मात्र बोल क्लोरीनला लावतात. शेतातल्या हौदाला मोरचूद वापरा, टँकला नको.

क्लोरीनच्या गोळ्या बऱ्या की ब्लिचिंग पावडर की द्रावण?

प्रत्येकाचा पीएचवर परिणाम वेगळा. गोळ्या, म्हणजे टीसीसीए, चांगल्याच आम्ल असतात. त्यांच्या द्रावणाचा पीएच ३ च्या आसपास. आपल्या जास्त अल्कलिनिटीच्या पाण्याला उन्हाळ्यात त्या सोयीच्या, कारण थोडं ॲसिडचंही काम करतात. पण प्रत्येक गोळी स्टॅबिलायझर मागे सोडते. १० पीपीएम क्लोरीनमागे ६. रोज २ पीपीएम क्लोरीन लागत असेल तर महिन्याला ३६. दोन महिन्यांत तो सत्तरीपार जातो आणि क्लोरीन आळशी होतं. शिवाय हा स्टॅबिलायझर अल्कलिनिटीच्या चाचणीत मिसळतो. खरी अल्कलिनिटी हवी असेल तर किटच्या आकड्यातून स्टॅबिलायझरचा तिसरा हिस्सा वजा करा. किट १२० सांगतेय आणि स्टॅबिलायझर ९० आहे, तर कामाची अल्कलिनिटी ९०.

ग्रामपंचायतीच्या विहिरीत टाकतात त्या ब्लिचिंग पावडरमध्ये चुना असतो. पीएच वर, कॅल्शियम वर, पाणी गढूळ. आधीच कठीण असलेल्या पाण्याला ती कशाला? द्रव हायपोक्लोराइट बाटलीत विम्ल असतं, पण वापरून झाल्यावर पीएच फारसा बदलत नाही. फक्त ते उन्हात ठेवलं की मे महिन्यात आठवडाभरात उतरतं. मी मार्च-एप्रिलमध्ये गोळ्या, मग पाऊस पडेपर्यंत द्रव असं करतो.

गोळ्या आणि ब्लिचिंग पावडर एकाच डब्यात, क्लोरीन सोडणाऱ्या एकाच डोझरमध्ये, एकाच मगाने कधीही हाताळू नका. आग लागते, स्फोटही होतो.

स्टॅबिलायझर अजिबात नसेल तर आपल्या उन्हात दोन तासांत बहुतेक क्लोरीन उडून जातं, हेही लक्षात असू द्या.

पीएचची चाचणी जांभळी आली. किटच्या तक्त्यात तो रंगच नाही.

क्लोरीन खूप जास्त आहे. त्याने फिनॉल रेडचाच, म्हणजे किटमधल्या पीएच दाखवणाऱ्या द्रवाचाच, रंग बदलतो आणि पीएच असतो त्यापेक्षा खूप वर दिसतो. या आकड्यावर ॲसिड टाकलं तर फसाल. क्लोरीन उतरेपर्यंत थांबा. पेनसारखं डिजिटल मीटर असेल तर महिन्यातून एकदा बफरच्या, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या, द्रावणात जुळवून घ्या. न जुळवलेलं मीटर आत्मविश्वासाने चुकीचं सांगतं. अल्कलिनिटीसाठी पट्टीपेक्षा थेंबांची किट घ्या. हिरव्याचं लाल होईपर्यंत थेंब मोजायचे. बऱ्याच किटमध्ये एक थेंब म्हणजे १०, पण डबीवर पाहून घ्या.

नमुना कोपरभर खोलीवरून घ्यावा, रिटर्नच्या तोंडाशी नाही. पीएच एक दिवसाआड आणि अल्कलिनिटी आठवड्याला एकदा, एवढं पुरतं. वहीत लिहून ठेवा, दुधाच्या हिशेबासारखं.

टाइल्सवर पाण्याच्या रेषेला पांढरा थर बसलाय, घासूनही जात नाही.

कॅल्शियम कार्बोनेट. जास्त पीएच, जास्त अल्कलिनिटी, जास्त कॅल्शियम आणि गरम पाणी, चारही आपल्याकडे मे महिन्यात एकत्र येतात. पातळी वितभर उतरवून, एकाला दहा पातळ केलेलं ॲसिड ब्रशने लावा, दोन मिनिटांत फसफसून सुटेल. सगळं शांतपणे करा आणि फटींवर रेंगाळू देऊ नका. थर तसाच सोडला तर पुढे फिल्टरची वाळूही दगड होते.

टँक नवा आहे. रोज पीएच चढतो, बोअरचं पाणीही वापरलेलं नाही.

सिमेंटचा ताजा गिलावा पहिले काही महिने चुना सोडतो. त्याला उपाय नाही. दर दोन दिवसांनी मोजायचं आणि थोडं थोडं ॲसिड. मिठावर चालणारं क्लोरिनेटर बसवलेलं असेल तर पीएच चढण्याची सवय कायमची धरा.

पावसाचं पाणी टँकमध्ये जाऊ द्यावं का?

पहिला वळीव नको, तो छपरावरची वर्षभराची धूळ घेऊन येतो. त्यानंतरचा जरूर. पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी आणि कठीणपणा जवळजवळ नसतोच. आपल्या टँकची अल्कलिनिटी १५० असेल आणि पाचवा हिस्सा, म्हणजे सव्वाचार हजार लिटर पाणी काढून तेवढं पावसाचं घातलं, तर ती १२० वर येते. एक थेंब ॲसिड न टाकता. कठीणपणा आणि स्टॅबिलायझरही तेवढ्याच प्रमाणात उतरतात, जे कुठल्याच ॲसिडने साधत नाही. शंभर चौरस मीटरच्या स्लॅबवर ५० मिलिमीटर पाऊस पडला की पाच हजार लिटर होतं. आपल्याकडे वर्षाला साधारण सहा-सातशे मिलिमीटर पडतो. पन्हाळीला एक पाइप आणि जाळी लावायचा खर्च पहिल्याच वर्षी ॲसिडमध्ये वसूल होतो.

काढलेलं पाणी केळीला सोडलं तर?

केळीला नको. सोड्यातून सोडियम येतं, ॲसिड आणि क्लोरीनमधून क्लोराइड येतं, आणि केळी या दोन्हींना हळवी आहे. पानांच्या कडा करपतील. आधी तीन-चार दिवस क्लोरीन न टाकता पाणी उन्हात राहू द्या, किटमध्ये क्लोरीन शून्य दिसलं की मग बांधावरच्या नारळांना आणि कडुनिंबाला सोडा. नारळ खारं सहन करतो. एकाच झाडाच्या बुंध्यात पाइप टाकून विसरू नका, आळीपाळीने फिरवा.